बँडही चालावा, गाणंही टिकावं

मुंबई-पुण्याकडे चौघांचा रॉक बँड उभा राहतो तेव्हा सुरुवातीला पैशाचा विषय कुणी काढत नाही. जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं वर्गणीतून जातं, वाजवायला मिळालं यातच आनंद असतो. पहिलं बरं मानधन हातात पडलं की कुरबुर सुरू होते. एकाला फक्त ओरिजिनल, म्हणजे बँडची स्वतःची गाणी, वाजवायची असतात, दुसऱ्याला घरभाडं भरायचं असतं, आणि दोघांचंही खरं असतं.

वरवर पाहता हे भांडण आवडीनिवडीचं वाटतं. पण खोलात गेलं तर बहुतेक वेळा तीन प्रश्न न सोडवता ठेवलेले सापडतात: गाणं कुणाचं, ही गिग (कार्यक्रम) कशासाठी, आणि आलेला पैसा कुठे जाणार. हे तिन्ही कागदावर आले की कलेचा आणि धंद्याचा वाद निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा वाद चांगला असतो, त्यातून गाणी सुधारतात. म्हणून आधी कागद करू, मग गिगकडे वळू.

गाणं कुणाचं

इंग्लंडमधल्या द स्मिथ्स या बँडचा ड्रमर माइक जॉइस याला बँडच्या कमाईतले १० टक्के मिळत होते. गाणी लिहिण्याची रॉयल्टी त्यात नव्हती. वादन आणि रेकॉर्डिंगमधून येणाऱ्या पैशाचा हा वाटा होता. चौघांमध्ये लेखी काही ठरलेलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९६मध्ये लंडनच्या हायकोर्टानं तो समान भागीदार असल्याचं सांगून त्याला २५ टक्के द्यायला लावले. तेव्हा बँड फुटून नऊ वर्षं झाली होती. आपल्याकडच्या १९३२च्या भागीदारी कायद्यातही कलम १३ हेच सांगतं: वेगळा करार नसेल तर नफा सर्व भागीदारांत सारखा. म्हणजे तुम्ही काहीच ठरवलं नसेल, तर कायद्यानं तुमच्यासाठी ठरवून ठेवलेलं आहे. ते पसंत असेल तर उत्तम. नसेल तर आत्ताच लिहा.

गाण्याच्या श्रेयाचा कागद वेगळा करायचा. त्याला स्प्लिट शीट म्हणतात आणि तो एका पानात मावतो. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारी वाद्याची धून) कुणाचा, टक्के आणि सगळ्यांच्या सह्या, एवढंच. वेळ महत्त्वाची आहे. ज्या दिवशी जॅमरूममध्ये गाण्याचा आराखडा पक्का होतो, त्याच दिवशी उठण्यापूर्वी हा कागद भरा आणि त्या दिवसाचं फोनवरचं रेकॉर्डिंग सोबत जपून ठेवा. रिलीजनंतर भरायला बसलात तर प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो, आणि कुणी खोटंही बोलत नसतं.

टक्के कसे पाडायचे? अमेरिकेतल्या आर.ई.एम. या बँडनं सगळी गाणी चौघांच्या नावावर सारखी लावली. इंग्लंडच्या क्वीन या बँडमध्ये बराच काळ ज्यानं लिहिलं त्याचंच नाव लागायचं. त्यांच्या १९७५च्या सर्वांत गाजलेल्या सिंगलच्या (सुट्या गाण्याच्या तबकडीच्या) मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं. तबकडी एकच असल्यामुळे विक्री दोन्ही बाजूंची मोजली जायची आणि मागच्या गाण्यालाही पुढच्याइतकीच रॉयल्टी मिळायची. यावरून बँडमध्ये धुसफूस झाली. पुढे १९८९च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी बँडच्या नावावर लावायला सुरुवात केली. श्रेयाची वाटणी थेट गाण्यांच्या निवडीवर परिणाम करते, हे यातून शिकण्यासारखं आहे. ज्याचं गाणं त्याचाच सगळा पैसा असेल तर अल्बममध्ये कोणतं गाणं जावं या चर्चेत प्रत्येक जण नकळत स्वतःच्या खिशाची वकिली करतो.

नव्या बँडसाठी आम्ही मधला मार्ग सुचवतो. १०० पैकी ५० टक्के मूळ लेखनाला आणि ५० टक्के गाणं बांधताना खोलीत हजर असलेल्यांना सारखे. समजा शब्द गायिकेचे, चाल गिटारिस्टची आणि बँड चौघांचा. दोघांना लेखनाचे २५-२५, शिवाय प्रत्येकी साडेबारा. म्हणजे त्या दोघांचे साडेसदतीस-साडेसदतीस आणि बेसिस्ट-ड्रमरचे साडेबारा-साडेबारा. लिहिणाऱ्याचा मान राहतो आणि दुसऱ्याचं गाणं चांगलं व्हावं यात प्रत्येकाचा स्वार्थही राहतो. आपल्या कायद्यात ड्रमचा ठेका किंवा सोलो वाजवला म्हणून कुणी आपोआप संगीतकार ठरत नाही, त्यामुळे हे साडेबारा टक्के लिहून दिले नाहीत तर मिळतीलच असं धरू नका. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा आणि गाणी तिथे नोंदवा. नोंदणीच्या साच्यात तुमचे टक्के बसत नसतील तर फरक आपसातल्या करारात टाका.

गाणं आणि त्याचं रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, हेही सुरुवातीलाच समजून घ्या. गाण्यावरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. रेकॉर्डिंगवरचा प्रकाशनापासून ६० वर्षं. रेकॉर्डिंगचा मालक तो, ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवून घेतलं. एखाद्या मित्रानं स्टुडिओ फुकट दिला, इंजिनिअर दिला, खर्च केला, तर मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुणाचं हा प्रश्न उघडाच राहतो. चहा पिता पिता मोकळेपणानं विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. मैत्री टिकवायचा हाच मार्ग आहे.

तीन याद्या

एक संध्याकाळ वाद्यं न काढता बसा. तीन याद्या करा. पहिलीत बिनचर्चा घ्यायची कामं, दुसरीत विचारून घ्यायची, तिसरीत कधीच न घ्यायची. कॉर्पोरेट कार्यक्रम, हॉटेलातली संध्याकाळ, लग्नातली कॉकटेल पार्टी, राजकीय सभा, पानमसाल्याची जाहिरात, शब्द बदलून गाणं देणं, बॅकिंग ट्रॅकवर ओठ हलवणं: अशी ठोस कामं नावानिशी घ्या. ‘कलेशी तडजोड करणार नाही’ असं लिहून काहीच ठरत नाही. ‘गाण्याचे शब्द जाहिरातीसाठी बदलणार नाही, पण वाद्यसंगीताची वेगळी आवृत्ती करून देऊ’ असं लिहिलं तर ठरतं. तिसरी यादी आखूड ठेवा. त्यात वीस गोष्टी असतील तर पहिल्या आर्थिक ओढाताणीत ती फाटते आणि मग खरोखर जिवाच्या असलेल्या दोन गोष्टीही तिच्याबरोबर जातात.

चौघांच्या बँडमध्ये दोन विरुद्ध दोन होतंच. त्याची सोय आधी करून ठेवा. आमच्या पाहण्यात सर्वांत बरं चालतं ते असं: गाण्याच्या आतल्या निर्णयात, म्हणजे शब्द, रचना, मिक्स (सगळ्या आवाजांचा अंतिम मेळ) यांत, बरोबरी झाली तर मूळ लिहिणाऱ्याचा शब्द शेवटचा. तारीख, मानधन, प्रवास यांत बुकिंग पाहणाऱ्याचा शब्द शेवटचा. शिवाय प्रत्येकाला वर्षातून एक नकाराधिकार, कारण न सांगता वापरता येईल असा. एकच असल्यामुळे तो लोक जपून वापरतात.

गिग कशासाठी आहे ते आधी ठरवा

प्रत्येक बुकिंग वहीत लिहिताना पुढे एक शब्द टाका: ‘कमाई’ किंवा ‘ओळख’. दोन्ही लिहिता येत असेल तर फारच छान, पण तसं क्वचित होतं. दोन्हीपैकी काहीच लिहिता येत नसेल तर गिग घेऊ नका. ‘पैसे नाहीत पण एक्स्पोजर मिळेल’ असं आयोजक म्हणाला तर त्याला नेमकं विचारा: तिकीट काढून येणारे किती, आधी आणि नंतर कोण वाजवतंय, चित्रीकरण होणार का आणि मल्टिट्रॅक ऑडिओ (प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग) आम्हाला मिळेल का. उत्तरं गोलमोल आली तर काय ते समजून घ्या.

कमाईच्या गिगमध्ये, उदाहरणार्थ पबमधल्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री, ४५ मिनिटांचे दोन सेट असतात. गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरलं तर सेटमध्ये १० गाणी, एकूण २०. त्यातली सुरुवातीला चार ते सहा तुमची ठेवा आणि जागा विचार करून द्या. पहिलं गाणं ओळखीचं असू द्या, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि साउंड इंजिनिअर मिक्स बसवत असतो. स्वतःचं चांगलं गाणं तिथे वाया जातं. तिसरी आणि सातवी जागा ओरिजिनलसाठी सर्वांत सुरक्षित. सगळा पब एका सुरात गातो असं हुकमी कव्हर (दुसऱ्या कलाकाराचं गाणं) झाल्यावर लगेच आपलं नवं गाणं ठेवू नका. मधे मध्यम ओळखीचं एक गाणं जाऊ द्या. आपली दोन पाठोपाठ नकोत, निदान पहिल्या सेटमध्ये तरी. आधीच्या कव्हरचा वेग आणि आपल्या गाण्याचा वेग यांत फार अंतर नको. १२० बीपीएमवर (मिनिटाला १२० ठोके) नाचणाऱ्या लोकांना एकदम ७० वर आणलं की ते काउंटरकडे वळतात आणि दोष मात्र गाण्याला दिला जातो.

‘आता आमचं एक ओरिजिनल ऐकून घ्या’ असं अजिजीनं म्हणू नका. गाण्याचं नाव सांगा, एका वाक्यात ते कशाबद्दल आहे ते सांगा आणि सुरू करा. मराठी गाणं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. इंग्रजी-हिंदी कव्हरच्या मधे मराठी शब्द पहिल्या ओळीतच स्पष्ट ऐकू आले तर कान टवकारतात; गिटारच्या भिंतीमागे पुसट झाले तर भाषाच कळत नाही. अशा गाण्यात पहिल्या कडव्याला दुसरी गिटार बंद ठेवा.

दर तीन महिन्यांनी एक कव्हर काढा आणि त्या जागी आपलं गाणं टाका. पबचा मॅनेजर नाराज आहे का हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवू नका, पुन्हा बोलावतो का त्यावरून ठरवा. हंगामभर हॉटेलात वाजवणाऱ्या गोव्याच्या बँडना यातला धोका नीट माहीत असतो. तीच वीस गाणी रोज वाजवली की हात सफाईनं चालतात आणि कान झोपतात. त्यावर उपाय सरावात आहे. तीन तासांच्या जॅममध्ये पहिले पावणेदोन तास स्वतःच्या गाण्यांना द्या, कारण कान तेव्हा ताजे असतात. कव्हर प्रत्येकानं घरी ट्रॅकवर वाजवून यायचं, जॅमरूममध्ये फक्त सुरुवात, शेवट आणि अवघड जागा जुळवायच्या.

ओळखीच्या गिगचं शास्त्र वेगळं. कॉलेज फेस्टिव्हलच्या स्पर्धेत साउंडचेक धरून २०-२५ मिनिटं मिळतात, तिथे फक्त ओरिजिनल. उघड्या मैदानावर वेगळीच अडचण येते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या ठरावीक १५ दिवसांपर्यंतच सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रायोजकांची भाषणं लांबतात, आणि कात्री लागते ती शेवटच्या बँडच्या वेळेला. ४० मिनिटांचा स्लॉट १८ मिनिटांवर येतो. त्यामुळे सेटलिस्टची दुसरी, चार गाण्यांची आवृत्ती नेहमी खिशात ठेवा आणि चारही गाणी तुमचीच असू द्यात. मुख्य यादीतही सर्वांत जोरदार गाणं शेवटासाठी राखून ठेवू नका. दहा वाजले की वीज जाते आणि ते गाणं कुणी ऐकतच नाही.

कॉर्पोरेट गिगला कव्हर वाजवायची, मनापासून वाजवायची. तोंड पाडून वाजवलेलं कव्हर बँडचं नाव खराब करतं आणि पुढच्या रेकॉर्डिंगचे पैसेही घालवतं. ओरिजिनलचा आग्रह तिथे धरू नका.

पैसा आला, आता

आधी करार. व्हॉट्सॲपवर का होईना, पण तारीख, वेळ, किती मिनिटं, साउंड कुणाचा, प्रवास-जेवण कुणाचं आणि पैसे कधी हे लिहिलेलं हवं. ५० टक्के ॲडव्हान्स तारीख अडवताना आणि उरलेले साउंडचेकच्या आधी. ‘कार्यक्रम झाला की लगेच देतो’ म्हणणाऱ्याचे पैसे बुडण्याची शक्यता मोठी, कारण तोवर त्याला तुमची गरज उरलेली नसते.

आता वाटणी. आकडे उदाहरणापुरते घेऊ. मानधन ४०,००० रुपये. आयोजकानं १० टक्के टीडीएस कापला असं धरू, ३६,००० हाती येतात. कापलेले ४,००० बुडत नाहीत, रिटर्न भरताना मिळतात किंवा वळते होतात. मात्र ते तुमच्या पॅनवर जमा दिसतात का हे आयकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला पाहा. टेम्पो आणि हमाली ४,०००, साउंड इंजिनिअर ५,०००, बुकिंग करणाऱ्याचे १५ टक्के म्हणजे ६,०००, तारा-काठ्या-बॅटरी १,०००. खर्च १६,०००. उरले २०,०००.

इथे बहुतेक बँड ५,०००-५,००० वाटून घरी जातात, आणि वर्षाच्या शेवटी ईपीसाठी (चार-पाच गाण्यांच्या छोट्या अल्बमसाठी) पुन्हा वर्गणी काढतात. तसं करू नका. वाटणीच्या आधी ३० टक्के बँडच्या निधीत टाका: ६,०००. उरलेले १४,००० चौघांत, प्रत्येकी ३,५००. दीड हजार कमी मिळाल्यानं कुणी कोसळत नाही, पण निधी असला की संभाषणच बदलतं. चार गाण्यांच्या ईपीचा खर्च तुम्ही १,२०,००० काढला असेल तर तो २० कमाईच्या गिगमध्ये उभा राहतो. महिन्याला दोन गिग म्हणजे १० महिने. ‘आपण किती दिवस कव्हर वाजवायची’ या प्रश्नाला आता आकड्यात उत्तर आहे, आणि कव्हर वाजवणारा ड्रमर आणि ओरिजिनलसाठी तळमळणारा गिटारिस्ट एकाच कामाला लागलेले आहेत. बँडमधली तेढ कमी करणारी याहून चांगली युक्ती आम्हाला माहीत नाही.

निधीतून काय घ्यायचं नाही तेही लिहून ठेवा. कुणाची वैयक्तिक गिटार, पेडल, झांजा त्यातून येणार नाहीत. रेकॉर्डिंग, मिक्स, मास्टरिंग, मुखपृष्ठाचं चित्र, ट्रेडमार्क, कराराचा वकील, बँडचं सामायिक सामान आणि अडचणीच्या वेळचा टेम्पो एवढंच.

एक नेहमीची चूक: सगळी बिलं एकाच्या पॅनवर निघतात. वर्षाची सगळी कमाई त्याची दिसते, कर त्याला लागतो आणि वाटून दिलेल्या पैशाचा कागद कुठेच नसतो. सुरुवातीला प्रत्येकानं आपल्या वाट्याचं वेगळं बिल दिलं तरी चालतं. उलाढाल वाढली की भागीदारी फर्म करा, तिचा पॅन आणि करंट खातं काढा आणि फर्म रजिस्ट्रारकडे नोंदवा. न नोंदवलेल्या फर्मला करारातले पैसे बुडवणाऱ्यावर दावा लावता येत नाही, हे भागीदारी कायद्याच्या कलम ६९मध्ये आहे. फर्मच्या कराचा दर वेगळा असतो, म्हणून सीएला विचारूनच वेळ ठरवा. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीवर लागते. शास्त्रीय आणि लोककलांना कार्यक्रमाच्या मानधनावर असलेली सवलत रॉकला नाही.

एकच गाणं, दोन आवृत्त्या

प्रॉडक्शनच्या टप्प्यावर कला आणि बाजार यांची गाठ पडते ती बहुतेक इंट्रोवर, म्हणजे गायकाचा आवाज येण्याआधीच्या वादनावर. गाणं ९६ बीपीएमचं, चार मात्रांचं. एक बार, म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन, अडीच सेकंदांचा. १६ बारची इंट्रो म्हणजे ४० सेकंद. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय एक स्ट्रीम मोजला जात नाही. अनोळखी ऐकणारा गायकाचा आवाज येण्याआधीच पुढे सरकला तर तुमच्या हाती काहीच लागत नाही. इंट्रो चार बारची केली की १० सेकंदांत आवाज येतो.

पण कापायचं का? त्यासाठी साधी चाचणी आहे. फक्त अकूस्टिक गिटार आणि आवाज घेऊन आखूड रूप वाजवा. गाणं उभं राहत असेल तर इंट्रो सजावट होती, कापा. हळूहळू चढत जाणारा तो ताण गेला आणि पहिलं कडवं पोरकं वाटू लागलं, तर इंट्रो हाच गाण्याचा जीव आहे. मग त्याला हात लावू नका, सिंगल म्हणून दुसरं गाणं निवडा. चुकीचं गाणं सिंगल करून ते बाजारात बसवायला जाण्यानं जितकी गाणी बिघडली आहेत तितकी बाजाराच्या दबावानंही बिघडलेली नाहीत.

आखूड आणि पूर्ण, दोन्ही आवृत्त्या एकाच सेशनमध्ये मिक्स करून घ्या. महिन्याभरानं परत गेलात तर सेटिंग हरवलेली असतात आणि दुप्पट पैसे जातात. दोन्हींना वेगळा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा क्रमांक) घ्या. त्याच वेळी आवाजाशिवायची आवृत्ती आणि ड्रम, बेस, गिटार, आवाज असे चार-पाच स्टेम (वेगवेगळे ट्रॅक) काढून दोन ठिकाणी साठवा. सिनेमा किंवा वेबसीरिजवाला विचारतो तेव्हा त्याला आज संध्याकाळी हवं असतं.

रिलीजच्या किमान चार आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) गाणं चढवा. प्लेलिस्टच्या संपादकांकडे पाठवायची मुदत स्पॉटिफायवर रिलीजच्या सात दिवस आधीपर्यंत आहे आणि शेवटच्या दिवसावर भरवसा ठेवू नये. १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याचे तिथे पैसेच मिळत नाहीत, आणि झाले तरी एका स्ट्रीममागचा हिशोब पैशांतच मोजावा लागतो. स्ट्रीमिंगला बँडचं उत्पन्न समजू नका; ते ओळखपत्र आहे, गिगचा भाव वाढवण्यासाठी. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनं २०१०मध्ये आपला अख्खा अल्बम दर महिन्याला एक गाणं याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिला. त्यांची मैफलींची मिळकत आणि श्रोतावर्ग आधीच उभा होता, म्हणून ते शक्य होतं. पहिल्याच ईपीला त्यांची नक्कल करायची तर आधी गिगची बाजू भक्कम हवी.

सरावाला आणि रेकॉर्डिंगला पावसाळा राखून ठेवा. जून ते सप्टेंबर मैदानं बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फेस्टिव्हल, कॉर्पोरेट पार्ट्या, लग्नं असा कमाईचा हंगाम. जे बँड डिसेंबरमध्ये स्टुडिओ बुक करतात ते दोन्हीकडून मार खातात.

मोठी ऑफर आल्यावर

जाहिरात किंवा सिनेमासाठी गाणं मागितलं तर चार प्रश्न: कोणत्या माध्यमासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, किती काळ, आणि तेवढ्या काळात आम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकतो का. परवाना देणं आणि हक्क विकणं यांतला फरक करारात शोधा. ‘असाइनमेंट’ शब्द दिसला की थांबा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. वेगळं ठरलेलं नसेल आणि घेणाऱ्यानं एक वर्षात हक्क वापरला नाही, तर तो परत येतो. म्हणून समोरचे लोक ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं आवर्जून छापतात. खोडायला सांगा, निदान मुदत तीन-पाच वर्षांवर आणा. २०१२च्या दुरुस्तीनंतर सिनेमात वापरलेल्या गाण्याच्या चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कुणाला ती देण्याचा करार टिकत नाही. ‘एकरकमी घ्या आणि विसरा’ म्हणणाऱ्यासमोर हे शांतपणे सांगता यायला हवं.

रेकॉर्ड कंपनीचा ॲडव्हान्स म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत रॉयल्टी हातात पडत नाही. तीन लाख उचलले आणि तुमचा वाटा २० टक्के असेल, तर रेकॉर्डिंगनं १५ लाख कमावल्यावर पहिला रुपया दिसेल. त्यात व्हिडिओचा खर्चही तुमच्याच खात्यावर टाकलेला असेल तर आणखी उशिरा. म्हणून ॲडव्हान्सच्या आकड्यावर कमी आणि तीन कलमांवर जास्त भांडा: उचलीतून काय काय वळतं होणार, मास्टर किती वर्षांनी परत मिळणार, आणि सिंगल व अंतिम मिक्स कोण मंजूर करणार. शेवटचं कलम मिळत नसेल आणि मिक्सवरचा ताबा सोडावा लागणारी कामं तुम्ही तिसऱ्या यादीत लिहिलेली असतील, तर उत्तर तुमच्याकडे आधीच आहे. वकिलाला एका करारासाठी दिलेले पैसे निधीतून जाऊ द्या.

नाव, आणि कुणी सोडून गेलं तर

बँडचं नाव ट्रेडमार्कच्या ४१व्या वर्गात नोंदवा, तो मनोरंजनाच्या सेवांचा वर्ग आहे. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते. टीशर्ट विकत असाल तर २५वा वर्गही घ्या. अर्ज एकट्या गायकाच्या नावावर करू नका. पिंक फ्लॉइडमधून रॉजर वॉटर्स १९८५मध्ये बाहेर पडले आणि उरलेल्यांनी नाव वापरावं की नाही यावर १९८७पर्यंत वाद चालला. एवढ्या मोठ्या बँडला जे सुचलं नव्हतं ते तुम्ही एका परिच्छेदात लिहू शकता.

त्या परिच्छेदात असावं ते असं: नाव किमान तिघे एकत्र राहतील त्यांच्याकडे राहील. सोडणाऱ्यानं दोन महिन्यांची सूचना द्यायची आणि घेतलेल्या तारखा वाजवायच्या. त्याचे स्प्लिट शीटवरचे टक्के जुन्या गाण्यांवर कायम राहतील, नव्यावर नाही. त्यानं वाजवलेल्या रेकॉर्डिंगमधला वाटाही तसाच. निधीतली रक्कम त्याला मिळणार नाही, पण निधीतून घेतलेलं सामान विकलं तर त्याचा हिस्सा मिळेल. अर्धवट राहिलेली गाणी मूळ लिहिणारा घेऊन जाऊ शकतो. त्यात इतरांचे रिफ असतील तर ते काढून, किंवा त्यांना टक्के देऊन. सही करताना प्रत्येकानं स्वतःला सोडून जाणारा समजून हे एकदा वाचावं, आणि मग मागे राहणारा समजून पुन्हा एकदा. दोन्ही वेळा पटलं तरच सही करा.